रिसीट : एका उच्चाराची पावती



स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून शाळेचा इतिहासच अपेक्षित असणार, हे आम्ही ओळखले. परंतु शाळेची वाटचाल, तिच्यासाठी खस्ता खाल्लेली माणसे, पत्र्याच्या खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास यांविषयी अधिक अधिकारी व्यक्ती लिहितीलच. आम्ही येथे एका शब्दाविषयी लिहिणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, सात अक्षरांचा आहे आणि त्यांतील एक अक्षर मुके आहे. आर, ई, सी, ई, आय, पी, टी. मराठीत आपण त्याला पावती म्हणतो. त्याच्या उच्चाराने आम्हांस उतारवयात एक धडा दिला. तो धडा आमच्यापुरता ठेवणे योग्य नव्हे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. प्रवेशाचे दिवस होते. कार्यालयाच्या खिडकीपुढे पालकांची रांग लागली होती. नववीत शिकणाऱ्या एका मुलाची आई वसतिगृहाची अनामत भरण्यास आली होती. एका मोठ्या रुग्णालयात ती सफाईचे काम करते. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. रुमालाच्या गाठीतून तिने नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, खिडकीतून आत दिल्या आणि म्हणाली, “सर, रिसीट द्या.” शेजारी उभा असलेला मुलगा संकोचला. मागे त्याचे दोन वर्गमित्र उभे होते. तो दबक्या पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माय, रिसीट नाही म्हणत. रिसिप्ट म्हण, रिसिप्ट.” मागचे दोघे हसले. बाईने पदर सावरला आणि खाली पाहत म्हणाली, “तेच ते. कागद द्या.”

आम्ही तेथेच उभे होतो. आम्ही काही बोललो नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांस मुलाचे थोडे कौतुकच वाटले. आईला येत नाही ते लेकराला येते, ह्यासाठीच तर शाळा चालवायची असते, असा विचार मनात येऊन गेला. वरच्या वर्गांना इंग्रजीचा शिक्षक नसला की तो तास आमच्याकडे येतो. रिसिप्ट हा उच्चार त्या मुलाला आम्हीच शिकवला होता.

संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत निघाली. एक सहकारी म्हणाले, “बाई रसीद म्हणाल्या असतील. हिंदी बोलणाऱ्या लोकांत काम करतात ना!” दुसरे म्हणाले, “नाही, रिसीटच बरोबर आहे.” वाद वाढू लागला तेव्हा कपाटातला इंग्रजी शब्दकोश काढला. त्यात त्या शब्दापुढे उच्चार दिलेला होता आणि त्यात पी नव्हता. आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पी नव्हता तो नव्हताच. रुग्णालयाच्या फरश्या पुसणारी आई बरोबर होती. इतिहासात एम. ए. झालेला, अठ्ठावीस वर्षे शिकवणारा शिक्षक चुकीचा होता, आणि त्याची चूक त्या आईच्या लेकराने भर रांगेत आईवर उगारली होती.

प्रथम उच्चाराचे सांगतो, म्हणजे निदान ह्या लेखाच्या वाचकांपुरती ती चूक संपेल. शब्दाचे दोन भाग आहेत. पहिला ‘रि’, ऱ्हस्व आणि हलका. दुसरा ‘सीट’, दीर्घ, आणि सगळा जोर त्याच्यावर. बसमध्ये आपण बसण्याची सीट म्हणतो, अगदी तीच. रि-सीट. शब्दकोशात ज्या भागावर जोर द्यायचा असतो त्याच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. येथे ती दुसऱ्या भागाआधी आहे. पी लिहायचा, पण बोलायचा नाही.

आता हा पी तेथे आला कोठून? हा प्रश्न इतिहासाचा आहे, म्हणून येथे आमच्या पायांखाली जरा जमीन लागते.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे काही शतके तेथील दरबार, न्यायालये आणि दप्तरे यांची भाषा फ्रेंच होती. त्या फ्रेंच भाषेतून हजारो शब्द इंग्रजीत उतरले. त्यांतलाच हा एक. चौदाव्या शतकातील इंग्रजीत तो आला तेव्हा त्यात पी उच्चारला जात नव्हता आणि सर्वसाधारणपणे लिहिलाही जात नव्हता. त्या वेळी त्याचा एक प्रचलित अर्थ होता औषध किंवा पदार्थ तयार करण्याची कृती. पैसे मिळाल्याचा लेखी पुरावा हा अर्थ पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला.

मग विद्वानांचा काळ आला. युरोपात लॅटिन भाषेचा मान फार मोठा होता. आपल्या बोलीतले शब्द मूळच्या थोर लॅटिन घराण्यातले आहेत, हे दिसावे अशी हौस लिहिणाऱ्यांना लागली. ह्या शब्दाच्या लॅटिन पूर्वजात पी होता. झाले! तो आणून मध्ये बसवला. बोलणारे लोक पूर्वीसारखेच बोलत राहिले; कागदावर मात्र एक अक्षर वाढले. ते अक्षर उच्चारासाठी नव्हतेच, ते कुळाच्या दाखल्यासाठी होते. गंमत अशी की, ह्याच लॅटिन घराण्यातले आणखी दोन शब्द इंग्रजीत आहेत. एकाचा अर्थ फसवणूक, उच्चार डिसीट. दुसऱ्याचा अर्थ अहंकार, उच्चार कन्सीट. त्यांनाही काही काळ पी चिकटवून पाहिला गेला, पण तो टिकला नाही. तीन सख्ख्या भावंडांपैकी एकाच्याच गळ्यात कुळाचा ताईत राहिला, आणि आज आपल्या गावातले मूल त्या ताईताला अडखळते.

असेच ऋण ह्या अर्थाच्या शब्दाचे झाले. डी, ई, बी, टी. फ्रेंचमधून तो आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन पूर्वजाची आठवण म्हणून तो घातला गेला. उच्चार मात्र नेट आणि सेट यांच्याशी जुळणारा, बीशिवायचा. शंका ह्या अर्थाच्या डाउट शब्दातला बीदेखील तसाच उपरा. बेट ह्या अर्थाच्या आयलंड शब्दातील एस तर निव्वळ गैरसमजातून आला. तो शब्द मूळचा इंग्रजीच. परंतु एका लॅटिन शब्दाशी त्याचे नाते आहे अशी समजूत झाली आणि त्याला खोट्या घराण्याचे अक्षर मिळाले. खोटी वंशावळ तयार करून मोठ्या कुळाशी नाते सांगण्याची हौस केवळ आपल्याच देशात होती असे नाही!

शेक्सपिअरने ह्या विद्वत्तेची त्याच काळात थट्टा करून ठेवली आहे. त्याच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ ह्या नाटकात होलोफर्निस नावाचा एक शाळामास्तर आहे. लोक डाउट आणि डेट ह्या शब्दांतला बी उच्चारत नाहीत, म्हणून तो चिडतो; जसे लिहिले तसे बोललेच पाहिजे, असा त्याचा हट्ट. हे नाटक छापले गेले १५९८ साली. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरावर लंडनचे प्रेक्षक हसत असतील. तो मास्तर जूनमध्ये आमच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी उभा होता, हे आता कबूल केलेले बरे.

मुलाची चूक मात्र मूर्खपणाची नव्हती, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. देवनागरी लिपीने आपल्याला एक सवय लावली आहे: जे लिहिले ते वाचायचे. मराठी शिकलेले मूल इंग्रजी शब्दापुढे उभे राहते तेव्हा प्रत्येक अक्षराला न्याय देण्याचा प्रयत्न करते. रिसिप्ट म्हणणारे मूल प्रामाणिकपणे वाचत असते. त्याच्या कानांवर तो शब्द कधी पडलेलाच नसतो. त्याने तो केवळ पाहिलेला असतो. ज्या घरात आईवडील दोघेही इंग्रजी बोलतात तेथे शब्द आधी कानात जातो, मग डोळ्यांसमोर येतो. आमच्या वसतिगृहातल्या मुलांचे उलट होते. पुस्तकातून आलेला शब्द ती आपल्या अंदाजाने उच्चारतात आणि तो अंदाज चुकला की जग त्यांना हसते. त्या आईच्या कानांवर मात्र रुग्णालयातल्या खिडकीवरचा शब्द दिवसातून पन्नास वेळा पडत होता. तिला पी ठाऊकच नव्हता, म्हणून तो तिच्या वाटेत आला नाही.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, कानाने शिकलेले तेवढे खरे. तसेही नाही. नळजोडणी करणाऱ्या कारागिराला आपण सगळे प्लंबर म्हणतो. ते कारागीरही स्वतःला प्लंबरच म्हणतात. इंग्रजीत त्यातला बी मुका आहे आणि उच्चार प्लमर असा आहे. मराठी बोलताना प्लंबर म्हणण्यात काडीचीही चूक नाही. तो आता मराठी शब्द झाला आहे आणि त्याला मराठीचे नियम लागू आहेत. इंग्रजीत मुलाखत देताना मात्र प्लमर म्हणावे. एकच माणूस दोन घरांत दोन रीतींनी वागतो, तसेच हे आहे.

आणि मराठीत तरी लिहिल्याप्रमाणेच बोलतात काय? चमचा ह्या शब्दातला च आणि चहा ह्या शब्दातला च एक नव्हे. लिपीत मात्र दोहोंना एकच अक्षर आहे. सिंह लिहितो आणि सिंव्ह म्हणतो. ज्ञान हा शब्द आपण द्न्यान असा उच्चारतो, हिंदी भाषक ग्यान म्हणतात, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. आपल्या भाषेतल्या ह्या गाठी आपल्याला दिसत नाहीत, कारण त्या आपण आईच्या मांडीवर सोडवल्या.

येथवरचे सारे व्याकरणाचे झाले. आता जे बोलायचे आहे ते जड आहे.

आपल्या समाजाला उच्चाराची भीती नवी नाही. ‘आनी’ आणि ‘पानी’ म्हटल्याबद्दल वर्गात हशा झाला, ही आठवण सांगणारे माजी विद्यार्थी प्रत्येक मेळाव्यात भेटतात. न आणि ण, श आणि स यांवरून मुलाचे घर कोणत्या वस्तीत आहे हे ओळखले जात असे, आणि अजूनही ओळखले जाते. आम्ही स्वतः महाविद्यालयात गेलो तेव्हा एका प्राध्यापकांनी आमचे एक वाक्य वर्गापुढे दोनदा म्हणवून घेतले होते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले तेव्हा आम्ही बोललो नाही. त्या वर्षी पुन्हा कधीच बोललो नाही. उच्चाराला ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ ही विशेषणे लावली जातात, ती कोठून आली हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या शब्दांनी पाणी वाटले गेले, माणसे वाटली गेली, तेच शब्द जिभेवरही बसवले गेले. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली, हे आपण सारे जाणतो. भाषेचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हा आपल्या इतिहासातला जिवंत प्रश्न आहे.

म्हणूनच त्या खिडकीपाशी जे घडले त्याची आम्हांस अधिक लाज वाटते. ज्या हशाने आम्ही गप्प झालो होतो तोच हशा आमच्या शाळेत, आमच्या विद्यार्थ्याच्या तोंडून, त्याच्या आईवर उलटला. मुलाने आईला गप्प केले. उच्चार बरोबर असता तरी ते वाईटच होते. तो चुकीचा होता, ही त्यात भर. शाळा मुलाला अक्षर देते आणि त्याच हाताने आईची लाज देते, असे घडू लागले तर आपण काय उभे केले, याचा विचार करावा लागेल.

भगवान बुद्धांच्या काळीही हा प्रश्न आला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात ती कथा आहे. ब्राह्मण कुळातील दोन भाऊ भिक्खू झाले होते. त्यांची वाणी सुरेख होती. निरनिराळ्या गोत्रांतून आणि जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते दूषित करतात, अशी तक्रार घेऊन ते तथागतांकडे गेले आणि बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची अनुमती त्यांनी मागितली. तथागतांनी ती नाकारली, दोघांची कानउघाडणी केली आणि बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. आधुनिक अभ्यासकांपैकी पुष्कळांनी ‘स्वतःची बोली’ म्हणजे ऐकणाऱ्यांची बोली असा अर्थ घेतला आहे. संस्कृत पंडिताच्या कानाला ‘धम्म’ हा ‘धर्म’ शब्दाचा बिघाड वाटेल. आपण मात्र धम्म हाच शब्द ताठ मानेने उच्चारतो.

परंतु येथेच थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. मज्झिमनिकायात अरणविभंग नावाचे सुत्त आहे. कलह कसा टाळावा, हा त्याचा विषय. त्यात एका भांड्याचे उदाहरण आहे. एकाच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, आणखी एकीकडे पोण. आपल्याच जनपदाचा शब्द खरा, बाकीचे सारे खोटे, असा हट्ट धरू नये, असे तथागत सांगतात. आणि त्याच्याच जोडीने दुसरी गोष्ट सांगतात: सर्वसंमत वापराचे उल्लंघनही करू नये. ज्या लोकांत जावे त्यांचा शब्द वापरावा. हट्ट नको आणि बेफिकिरीही नको. उच्चाराविषयी ह्याहून नेमके मार्गदर्शन आम्हांस कोठे आढळले नाही.

ह्या दुसऱ्या भागाकडे आपल्यातील काही मंडळी दुर्लक्ष करतात. ती म्हणतात, “इंग्रजी परक्यांची भाषा, आपण कसेही बोललो तरी चालते. समजल्याशी कारण.” ह्या म्हणण्यात स्वाभिमान दिसतो, पण त्याची किंमत बोलणारा भरत नाही, मूल भरते. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस सुत्त वाचून आलेला नसतो. तो रिसिप्ट ऐकतो, कपाळावर एक आठी येते, आणि पुढचे उत्तर तो त्या आठीतून ऐकतो. हे अन्यायाचे आहे, पण आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांच्या मुलांना बरोबर उच्चार फुकट मिळतो. आपल्या मुलांना तो मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे शाळा. शाळेनेच तो चुकीचा दिला किंवा ‘चालते’ म्हणून दिलाच नाही, तर त्या मुलाला तो पुढे कोणी देणार नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकले. इंग्रजीत त्यांनी असे लिहिले की त्या भाषेच्या मालकांनी ऐकून घ्यावे. नाकारलेली संस्कृत त्यांनी पुढे स्वतः आत्मसात केली, पालीचा कोश तयार करण्याचे कष्ट घेतले. परक्या भाषेत काटेकोर असणे म्हणजे तिची गुलामी, असे त्यांनी कधी मानले नाही.

आणि हा शब्द तर आपल्यासाठी क्षुल्लक नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून एक प्रसंग आठवून देतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. तो लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्यास दख्खनचे दंगे म्हणतात. त्या लोकांचा राग प्रामुख्याने कागदांवर होता. त्यांनी कर्जखते हिसकावली आणि जाळली. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा घेतलेला कागद सावकारापाशी असे, आणि फेडलेल्या पैशाचा कागद ऋणकोपाशी नसे. त्यानंतर १८७९ साली जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याला दिलेल्या रकमेची लेखी पावती मिळण्याचा हक्क घातला गेला. गरिबाच्या हातातली पावती म्हणजे त्याच्या बाजूने बोलणारा एकमेव साक्षीदार. ‘सर, रिसीट द्या’ असे म्हणणारी ती बाई तो हक्क मागत होती. आणि आपण त्या हक्काकडे न पाहता तिच्या उच्चाराकडे पाहत होतो.

शब्दांच्या मुळाशी गेले तर आणखी एक गोष्ट सापडते. मराठीतली पावती ‘पावणे’पासून आली, पावणे म्हणजे पोहोचणे, मिळणे. हिंदी-उर्दूतली रसीद फारसी आहे आणि तिचाही मूळ अर्थ पोहोचणे हाच. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी घेणे, स्वीकारणे आहे. तिन्ही भाषांतल्या माणसांना एकच खात्री हवी होती: माझे तुझ्यापर्यंत पोहोचले, आणि तू ते मान्य केलेस.

आता करायचे काय, ते थोडक्यात मांडतो. ह्यातले काही आम्ही ह्या वर्षी सुरू केले आहे.

नवा इंग्रजी शब्द मुलांच्या डोळ्यांपुढे येण्याआधी कानांवर पडावा. शिक्षकाने तो आधी दोनदा बोलावा, मुलांनी बोलावा, मग फळ्यावर लिहावा. शिक्षकाला उच्चाराची खात्री नसेल तर त्याने तसे वर्गात सांगावे आणि शब्दकोश उघडावा. ‘मलाही पाहावे लागेल’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकलेले मूल चुकायला घाबरत नाही. आता बहुतेक शब्दकोश भ्रमणध्वनीवर आहेत आणि ते उच्चार ऐकवतात; आठवड्यातून एक तास त्यासाठी ठेवता येतो. मूल वाचत असताना मध्येच थांबवून दुरुस्ती करू नये. वाचन संपल्यावर बरोबर शब्द आपण सहज बोलून दाखवावा. आणि एक नियम सर्वांत वर: उच्चारावर हसायचे नाही. वर्गात नाही, भोजनगृहात नाही, आणि पालकांवर तर कधीच नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण आज बँकांत, न्यायालयांत, महाविद्यालयांत, काही परदेशातही आहेत. ज्या शब्दांवर आपण पहिल्यांदा अडखळलात, ज्यावर कोणी हसले, असे शब्द आम्हांस लिहून पाठवा. देणगीचे महत्त्व आहेच, पण ही यादीही एक देणगीच ठरेल. आपण ज्या दगडाला ठेचकाळलात तो दगड मागून येणाऱ्याला दाखवून देणे, हे आपल्या समाजाचे जुने व्रत आहे.

पालकांना सांगणे एवढेच की, मूल दुरुस्त करते म्हणून गप्प बसू नका. विचारा, ‘कशावरून?’ मूल शब्दकोश काढील. दोघांपैकी एक जण नवे काही शिकेल, आणि प्रत्येक वेळी तो एक जण तुम्हीच असाल असे नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी आम्ही नववीच्या वर्गात गेलो. फळ्यावर सात अक्षरे लिहिली. पीखाली रेघ ओढली आणि सांगितले की, हा उच्चार आम्ही गेल्या वर्षी तुम्हांस चुकीचा शिकवला. बरोबर उच्चार काल कार्यालयाच्या खिडकीपाशी एका आईने केला होता. वर्ग शांत झाला. तो मुलगा मान खाली घालून बसला होता. आम्ही त्याचे नाव घेतले नाही आणि कोणी त्याच्याकडे पाहूही नये म्हणून लगेच पीच्या वंशावळीची कथा सुरू केली. होलोफर्निस मास्तरापर्यंत येता येता वर्ग हसू लागला, आणि ते हसणे आमच्यावर होते. ते आम्ही स्वीकारले. तेवढी पावती आम्हांस मिळायलाच हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला नेण्यासाठी बाई आल्या, तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, “ताई, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. रिसीटच म्हणतात.” त्यांना तो प्रसंग आठवायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, “लेकरानं सांगितलं मला, सर. गाडीत बसल्याबरोबर फोन करून सांगितलं होतं की शाळेत, माय, तुझं बरोबर निघालं.” आणि पदराच्या गाठीतून त्यांनी जूनची ती पावती काढून पुढे केली. “पण ह्याच्यात लेकराच्या बापाचं नाव चुकलंय. तेवढं नीट करून द्या.”

नाव खरोखरच चुकले होते. ते आम्ही दुरुस्त करून दिले.

जय भीम. नमो बुद्धाय.